डोंगराच्या मापाचं कापड

अर्धी चढण मागे पडली तेव्हा वन्सं थांबल्या. मला वाटलं दम लागला असेल, म्हणून मी पिशवीतून पाण्याची बाटली काढायला लागले. बघते तर ह्या रस्त्याच्या कडेला उकिडव्या बसून हाताने जमीन चाचपतायत. एक दगड त्यांनी दोन्ही हातांनी हलवून उपटला, झटकला आणि माझ्यापुढे धरला.

“बघ गं, ह्याची दाढी कुठल्या बाजूला आहे?”

“दगडाला कसली दाढी, वन्सं?”

“हात लावून बघ. मापं घेणारी ना तू?”

मी हात लावला. दगड वरून काळा, गुळगुळीत, उन्हाने तापलेला. पोटाखाली मात्र पांढरी, खरखरीत पुटं चढली होती, पाणी तापवायच्या भांड्याला आतून चढतात तशी.

“चुना आहे तो,” वन्सं म्हणाल्या. “पावसाचं पाणी मातीत मुरताना ह्या काळ्या दगडातला चुना विरघळवून खाली नेतं. दगडाच्या पोटाशी थेंब अडकतो, सुकतो, आणि चुना तिथेच राहतो. किती वर्षं चाललं असेल हे, देव जाणे. म्हणून डोंगरातल्या दगडाची दाढी नेहमी खाली. ज्याची वर, तो कोणीतरी उलटवलेला. समजलं?”

“समजलं.”

“मग ठेव होता तसा.”

मी ठेवला. त्यांनी पुन्हा हात फिरवून तपासला, जरासा डावीकडे सरकवला आणि मगच उठल्या.

रस्ता नवा होता, गाड्यांसाठी अजून उघडला नव्हता. खालच्या आडव्या दांड्यापाशी रिक्षावाल्याने आम्हाला सोडलं आणि तिथून वर पायीच निघालो होतो. डोंगर कापून काढलेला रस्ता. वरच्या वळणावर कापलेली दरड उघडी पडली होती, गवताच्या मुळांपासून थेट कातळापर्यंत. ही बातमी वन्संना त्यांच्या जुन्या ऑफिसातून फोनवर कळली. पाठोपाठ दुसरीही कळली, की त्या दरडीतून दगड घरंगळतात म्हणून तिच्यावर जाळी ठोकून सिमेंटचा फवारा मारणार आहेत, आणि तोही ह्याच आठवड्यात. एकदा सिमेंट बसलं की त्या डोंगराचं पोट पुन्हा कोणाला दिसणार नाही. त्याच्या आत वन्संना त्या दरडीचा एक उभा काप काढून हवा होता. दगडांसकट. आणि एकही दगड जागचा न हलता.

हा हट्ट का, ते सांगायचं तर मला थोडं मागे जावं लागेल.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. माझ्या सासऱ्यांचं तसबिरींना चौकटी लावायचं दुकान होतं. शाळा सुटली की वन्सं दुकानात. काच पुसायची, पुठ्ठा कापायचा, सरस शिजवायचा, चौकटीचे कोपरे जुळवायचे. कॉलेज झाल्यावर माती तपासणाऱ्या ऑफिसात त्या लागल्या त्याही नकाशांना चौकटी लावायच्या कामावरच. तिथे त्यांनी पाहिलं की शिकायला आलेल्या मुलांना माती दाखवतात ती बरण्यांतून. एका बरणीत काळी, एकीत तांबडी, एकीत भुरी. वाण्याच्या दुकानात डाळी मांडाव्यात तशी.

वन्सं तेव्हाच्या साहेबांना म्हणाल्या, “साहेब, माणसाची ओळख करून द्यायची तर आपण त्याचं नाक एका डबीत आणि कान दुसऱ्या डबीत घालून दाखवतो का? मातीलाही डोकं असतं, पोट असतं, पाय असतात.”

साहेब हसले. म्हणाले, “मग बाई, तुम्हीच हिची तसबीर लावून दाखवा.”

त्यांनी खरंच लावली. पद्धत ऑफिसातल्या एका पुस्तकात होती, पण हात दुकानात तयार झालेला. खड्ड्याची भिंत तासून सरळ करायची. तिला पातळ डिंक पाजायचा, तो प्याला की पुन्हा पाजायचा. वर मलमल चिकटवून वाळू द्यायची. मग पुढून फळी टेकवायची, मागून करवत घालायची आणि माणसाहून उंच असा जमिनीचा उभा काप अलगद फळीवर उतरवायचा. गंमत म्हणजे नंतर आपण जी बाजू बघतो ती आतली असते. बाहेरची कापडाला चिकटून फळीकडे गेलेली असते. “लोक जमिनीला तोंडावरून ओळखतात,” वन्सं म्हणायच्या, “मी पाठीमागून ओळखते.”

ऑफिसात त्यांचं नाव पडलं डिंकाबाई. दुसरी कोणी रडली असती. ह्या मात्र नव्या माणसाला स्वतःच सांगायच्या, “मला डिंकाबाई म्हणतात, काम दिल्याशिवाय सुटायची नाही मी.”

मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा मधल्या खोलीत कपाटाच्या जागी नदीकाठची काळी माती उभी होती, वाळत. सासूबाई मला म्हणाल्या, “तुझ्या साड्या सध्या दोरीवर टाक. ती वाळली की तिथे कपाट आणू.” ती वाळली तर समुद्राकडची वाळू आली. ती गेली तर माळावरची तांबडी आली. मुलगी पहिलीत गेली तरी माझ्या साड्या दोरीवरच. पण खोटं का बोलू, मला त्या फळ्यांची सवय झाली. सकाळी हात जोडताना देवाच्या शेजारी त्या दिसायच्या. त्याच्याच हातच्या त्या, वेगळ्या थोड्याच होत्या!

वन्संना स्थळं आली नाहीत असं नाही. एक चांगला शिकलेला मुलगा बघायला आला होता म्हणे. त्याच्या आईला नमस्कार करायला ह्यांनी हात जोडले ते सुटेनातच, कामावरून घाईत आलेल्या, डिंक तसाच राहिलेला. ही गोष्ट सासूबाई सांगायच्या. वन्सं म्हणायच्या, “आईने त्यात निम्मं पाणी घातलंय.” पण सबंध गोष्ट खोटी आहे असं काही त्या कधी म्हणाल्या नाहीत.

वर्षं गेली तसं ऑफिसात मातीचं एक दालनच तयार झालं. नदीची, शेताची, किनाऱ्याची, दलदलीची, साऱ्या जमिनी भिंतीला ओळीने उभ्या. लांबून लांबून मुलं येतात बघायला. पण डोंगरउताराची जमीन मात्र वन्संना कधी मनासारखी उतरवता आली नाही. त्या जमिनीत माती थोडी आणि दगडच फार. मलमल ताणली जाऊन फाटते आणि दगड म्हाताऱ्याच्या दातांसारखे खळाखळा गळतात. एकदा त्यांनी तसाच एक काप आणला. ट्रकात धक्के बसून कितीतरी दगड पडले. त्यांनी ते ज्याच्या त्याच्या खळग्यात परत बसवले, डिंकाने पक्के केले. काप उभा केला, त्यावर उजेड सोडला, आणि मधोमध एका दगडाची पांढरी दाढी वरच्या बाजूला! तोवर सगळं असं घट्ट झालेलं की तो काढायचा तर काप फुटणार.

ऑफिसात हशा झाला. डोक्यावर दाढी, डोक्यावर दाढी. वन्संनी मान खाली घातली नाही. पुढे शाळांची मुलं आली की त्या स्वतःच म्हणायच्या, “ह्या कापात डिंकाबाईची एक चूक आहे. शोधून काढेल त्याला पेपरमिंटची गोळी.” मुलं काचेला नाकं लावून शोधायची आणि तेवढ्या वेळात डोंगराची सगळी जमीन शिकून जायची. घरी मात्र एकदा भात कालवताना त्या मला म्हणाल्या होत्या, “घासात खडा लागावा ना, तसा तो दगड मला रोज लागतो बघ.”

मग त्या निवृत्त झाल्या. आणि मग डोळे गेले. सगळे नाहीत, नुसता मधला भाग. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसतात, चेहऱ्याच्या जागी धुकं. डॉक्टर म्हणाले, आहे एवढं राहील, गेलेलं येणार नाही. आता माझ्याशी बोलताना वन्सं माझ्या खांद्याकडे बघतात. म्हणजे मी त्यांना दिसते.

त्या दरडीचा फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. फोन ठेवून त्या म्हणाल्या, “हा एक काप मला नीट काढू द्या. मग मी डिंक सोडला.”

हे म्हणाले, “अगं ताई, पण डोळे?”

“डोळे तुझ्या बायकोचे वापरीन. रस्त्यापलीकडून बाईच्या पोलक्याची वाकडी शिवण ओळखते ती.”

पुढच्या खोलीत माझं मशीन आहे, मी शिवण करते आणि मुलींना शिकवतेही. वन्सं मलमल कशी फाटते ते सांगत होत्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “सपाट कापड उंचसखल अंगाला कसं बसेल? टक्स घालायला नकोत का?”

वन्संनी हातातला पेला खाली ठेवला. “काय म्हणालीस?”

“म्हणजे जिथे दगड पुढे आलाय तिथे कापडाला तेवढी जागा द्यायची. खिसा म्हणा हवं तर.”

ह्यांना हसू आवरेना. “माझी बायको आता डोंगराला पोलकं शिवणार! आणि गळा पुढून ठेवणार की मागून?”

“तुझ्या पोटाला सदरा बसवते ती,” वन्सं म्हणाल्या, “तिला डोंगर काय जड आहे?”

अशी मी त्या चढणीवर टेप गळ्यात घालून चालले होते.

वळणावर पोहोचलो तर मुकादम जाळीचे गठ्ठे उतरवून घेत होता. गोल चेहऱ्याचा, मोठ्या आवाजाचा माणूस. ऑफिसच्या मुख्य बाईंनी त्याला आधी कळवलं होतं, पण माझा टेप पाहून तो चक्रावला.

“बाई, इथे कोणाचे कपडे शिवायचेत?”

“हिचे,” वन्संनी दरडीवर हात ठेवला. “अंगाने जरा भरलेली आहे.”

तो हसला आणि शिडी स्वतः लावून दिली. “परवा दुपारी पंप येतो. तोवर तुमची. पंप आला की माझ्या हातात काही नाही, आधीच सांगतो.”

वन्सं दरडीसमोर उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, “वरून खाली सांग काय दिसतं ते. घाई नको.”

मी सांगत गेले आणि त्या बोटांनी वाचत गेल्या.

सगळ्यात वर गवताची मुळं आणि भुऱ्या मातीचा पातळ थर, त्यात धारदार कोपऱ्यांचे दगड. “हे पाहुणे,” वन्सं म्हणाल्या. “वरच्या कड्यावरून निखळून आलेले. उतारावरची माती कधी स्वस्थ बसत नाही, खाली सरकतच असते. हे दगड तिला धरून ठेवतात. दगड म्हणजे मातीचं छप्पर. लोक वेचून फेकतात आणि मग म्हणतात, माती वाहून गेली.”

त्याखाली तांबूस माती आणि गोल गोल दगड, एकेकाभोवती कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. “हे घरचे. कुठून आलेले नाहीत, जागच्या जागी झालेले. अखंड कातळाला भेगा पडल्या, भेगांत पाणी शिरलं, आधी कोपरे कुजले. कोपरे गेले की उरतं ते गोल. पापुद्रा सुटतो त्याची माती होते. म्हणजे ही माती आणि हे दगड एकाच आईची लेकरं. आणि खाली सपाटीवरची काळी जमीन आहे ना, तीही ह्यांचीच बहीण. इथे पाणी थांबत नाही म्हणून दगडातलं लोखंड गंजतं आणि माती तांबडी होते. तिथे पाणी साचतं, ती काळी राहते, फुगते, चिकट होते.”

“मग ही नापीक म्हणायची का?”

“नापीक? ही रोडकी आहे, पाणी फार धरत नाही, एवढंच. पण आग पोटात घेऊन जन्मलेली जमीन आहे ही. झाडाला लागतं ते बरंच काही दगडातच बांधून आणलंय तिने. मुळांनी भेगांत शिरून घ्यायचं.”

त्याहून खाली दगडाचा आकार होता पण दगड नव्हता. मी बोट लावलं तर भुगा झाला. तो मुरूम. आणि अगदी तळाशी एक पट्टा, विटेसारखा लालभडक, विटेसारखाच कठीण. तिथे हात पोहोचला तेव्हा वन्संनी तो पट्टा पुन्हा पुन्हा चाचपला.

“हा आहे का इथे! किती रुंद?”

“वीतभर.”

“हा कोण माहीत आहे? ही पणजी. तापलेल्या दगडाचा रस वाहत आला, थंड झाला, कातळ झाला. मग इतका काळ गेला की त्या कातळाच्या पाठीवरही माती तयार झाली. आणि त्यावर पुन्हा दुसरा रस आला. ती माती खाली भाजून निघाली, भट्टीतल्या विटेसारखी. वरचा सगळा डोंगर त्या दुसऱ्या रसाचा. आता तोही कुजून माती होतोय. म्हणजे ह्या एका दरडीत दोन जमिनी आहेत. एक जळलेली, एक जिवंत.”

माझ्या मनात देवाचं नाव आलं. आपण दोन दिवसांत फाटणारी कापडं शिवतो आणि त्रास करून घेतो. त्याने कसलीच घाई केली नव्हती.

मग मी कामाला लागले. आयुष्यात बायकांची, पोरांची, एकदा एका पोलिसाची मापं घेतली होती, डोंगराची पहिल्यांदाच. वर्तमानपत्रं जोडून दरडीवर टाचली आणि खडूने एकेक दगडाचा आकार उतरवला. कुठला किती पुढे आलाय, कुठल्याला खांदा आहे, कुठला एका अंगाने उतरता, सगळं लिहिलं. वन्सं शिडी धरून होत्या आणि मधूनमधून “ह्याचं माप सैल घेऊ नकोस हं” अशी सूचना करत होत्या. मी म्हटलं, “वन्सं, मी तुम्हाला डिंक शिकवते का?” मग नुसती शिडी धरली.

घरी येऊन दुहेरी मलमल घेतली, धावदोऱ्याने सगळीकडून एकत्र धरली आणि प्रत्येक दगडाचा खिसा शिवला, ज्याला जसा हवा तसे टक्स घालून. कापडाची वरची बाजू कुठली ते चुकू नये म्हणून खिशांच्या वरच्या कडेला निळा दोरा घातला. ह्यांनी ते कापड अंगाला लावून आरशात पाहिलं. म्हणाले, “कुबडं जरा जास्त झालीत.”

दुसऱ्या दिवशी मुख्य बाईंनी गाडी दिली, फळी दिली, दोन माणसं दिली. वन्संनी दरडीला डिंक पाजला आणि आम्ही कापड चढवलं. बाहीत खांदा जावा तसा एकेक दगड आपापल्या खिशात गेला. मुकादम मागे उभा राहून म्हणाला, “माझ्या लग्नातला कोट असा बसला नव्हता हो.”

तिसऱ्या दिवशी आम्ही पोहोचलो तर पंप आधीच येऊन उभा. आणि डिंक पुरता वाळलेला नव्हता.

वन्संनी कापडाला गाल लावला. ओलं असेल तर गालाला गार लागतं, ही त्यांची परीक्षा. “खाली झालंय. वर अजून गार आहे. आत्ता कापलं तर वरचे पाहुणे पडतील.”

“आजी, पंपातलं सिमेंट घट्ट होऊन बसेल,” मुकादम म्हणाला.

“आणि माझा डिंक अजून पातळ आहे. तुमचं घट्ट होतंय, माझं होत नाही. तुम्ही त्या पलीकडच्या टोकापासून या ना इकडे. माझ्यापर्यंत पोहोचेस्तोवर ऊन येतं दरडीवर.”

“आणि नाही आलं तर?”

“तर मारा फवारा. मी बाजूला होईन.”

हे त्यांनी किती सहज म्हटलं! पण त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली होती, ती मला कळत होती.

मुकादमाने एकदा दरडीकडे पाहिलं, एकदा वन्संकडे. मग ओरडला, “पलीकडच्या टोकाकडून सुरू करा रे!”

पलीकडे पंप घरघरायला लागला. करडं सिमेंट जाळीवर बसत बसत आमच्याकडे सरकत होतं. गवताची मुळं, गोल दगड, तांबडा पट्टा, सगळं त्याखाली एकसारखं होत होतं. वन्संना ते दिसत नव्हतं, ऐकू मात्र येत होतं. मग ऊन दरडीच्या वरच्या कडेवर आलं. तिथून खाली उतरलं. वन्सं गाल लावून उभ्याच होत्या, जणू कोणाच्या छातीचे ठोके ऐकतायत.

“कापा,” त्या म्हणाल्या.

उंचवट्यांमध्ये लाकडाचा भुसा भरून फळी टेकवली, मागून पहार आणि करवत घातली. तळाशी त्या लाल पट्ट्याला छिन्नीच लागली. माणसांनी फळी तिरपी केली, भार घेतला, आणि आत कुठेतरी खट् असा आवाज झाला.

सगळे जागच्या जागी थांबले.

“कुठला?” वन्संनी विचारलं.

मी हात फिरवला. वरच्या थरातला एक मोठा, धारदार दगड सुटला होता. पण खिशात होता. बाहेर पडला नव्हता.

“उतरवा,” वन्सं म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

आम्ही फळीला दोऱ्या बांधतोय तोच पंप आमच्या जागेवर आला. काप निघाला तिथे दरडीत जी उभी खाच राहिली होती, ती बघता बघता भरून गेली.

ऑफिसात काप आडवा ठेवून आतली बाजू साफ करायला वन्संना पुष्कळ दिवस लागले. सगळं बोटांनी. खालच्या एकेका दगडाच्या पोटाशी बोट नेऊन दाढी तपासायची आणि पुढे जायचं. सगळ्यांच्या दाढ्या खाली. शेवटी राहिला तो सुटलेला, गाडीच्या धक्क्यांनी जागच्या जागी फिरलेला. त्यांनी तो काढून हातात घेतला, सगळीकडून फिरवला, नखाने खरवडला.

“ह्याला दाढीच फुटलेली नाही,” त्या म्हणाल्या. “पोरसवदा आहे. कड्यावरून आत्ता आत्ता आलेला. वरची बाजू कुठली, खालची कुठली, काही कळायला मार्ग नाही.”

मुख्य बाई हळूच म्हणाल्या, “बसवून टाका ना, बाई. कोणाला कळणार आहे?”

“मला कळेल. ती जागा रिकामी राहू दे. रिकामी जागा खोटं बोलत नाही.”

मी म्हटलं, “वन्सं, आधी खिशात हात घाला.”

खिसा डिंकाने वाळून पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता. त्याचं माप मी त्या दगडाच्या अंगावरून घेतलं होतं, दगड जागेवर असताना. एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला खांदा, निळा दोरा वर. वन्संनी दगड एका अंगाने घालून पाहिला. डुगडुगला. फिरवला. पुन्हा डुगडुगला. मग उलटा करून खांदा निळ्या दोऱ्याकडे नेला, तसा तो खाली गेला आणि बसला. त्यांनी अंगठ्याने दाबलं. हलेना. पुन्हा काढला, पुन्हा घातला. तिथेच, तसाच.

मग त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि सुईने टोचलेल्या माझ्या बोटांवरून आपली डिंकाने खरबरीत झालेली बोटं फिरवली.

“माझे बाबा असते ना,” त्या म्हणाल्या, “तर तुला दुकानात ठेवून घेतलं असतं.”

आमच्या घरात याहून मोठं कौतुक नाही. मी ते ह्यांना अजून रोज एकदा ऐकवते.

परवा तो काप दालनात उभा केला. जुन्या कापाच्या शेजारीच, वन्संनी तसा आग्रह धरला होता. मुख्य बाई, ती दोन माणसं, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला मुकादम, हे, सगळे होते. पडदा काढला, दिवे लावले. तळाशी ती लाल पणजी, तिच्यावर मुरूम, मग घरचे गोल दगड, मग पाहुणे, आणि वर वाळलेली पण जिवंत वाटणारी गवताची मुळं. मुकादम स्वतःलाच सांगत असल्यासारखा म्हणाला, “हे होय मी झाकलं ते.” शब्द इतकेच, पण त्याने ते अदबीने उच्चारले.

सगळे चहाला गेले तशा वन्सं मागे राहिल्या. मीही राहिले. कापापुढे आता काच होती, तिथे बोटं पोहोचत नव्हती. त्या काचेसमोर उभ्या राहिल्या, मान थोडी तिरकी करून. म्हणजे त्यांना कडा दिसत असणार. मधलं सगळं धुक्यात.

“ह्या जागेवर उभी राहून मी आयुष्यभर दुसऱ्यांना शोधायला लावलं,” त्या म्हणाल्या. “आज तुला लावते. गोळी नाही मिळायची.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. माझं कोपर धरून मला काचेच्या आणखी जवळ नेलं.

“माझी भावजय म्हणून बघू नकोस. शिकायला आलेल्या मुलीची शिवण तपासतेस ना, तशी बघ. वरून सुरू कर, गवतापासून. एकेक दगड. आणि एखादा जरी उलटा दिसला, तर माझ्या तोंडावर सांग.”